अस्वलांचा शेजार

शेजाऱ्याशी कसे वागावे हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु शेजारी चार पायांचा असून, त्याचे वजन सव्वाशे किलो असून, रात्री येऊन तो आपल्या केराच्या पिंपात तोंड घालीत असेल तर काय करावे, हे त्यांत सहसा सापडत नाही. अमेरिकेतील डोंगराळ वस्त्यांतून राहणाऱ्या सहस्रावधी कुटुंबांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्यांनी तो कसा चिघळवला आणि मग काही ठिकाणी कसा सोडवला, ही हकीकत आम्हांस मोठी उद्बोधक वाटते, म्हणून ह्या आठवड्यात ती आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही ज्या गावाविषयी मुख्यतः लिहिणार आहोत त्याचे नाव ड्युरँगो. कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत हे वसले आहे. इ. स. १८८० मध्ये एका रेल्वे कंपनीने ते वसवले, आणि डोंगरातील चांदीच्या खाणींकडे जाणारी अरुंद मापाची आगगाडी तेथून आजही, आता प्रवाशांच्या हौसेखातर, धावते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहा हजार फूट उंचीवर आहे. म्हणजे आबूच्या गुरुशिखराचे टोकदेखील ह्या गावच्या रस्त्यांपेक्षा खालीच राहील. गावातून वाहणाऱ्या नदीला जुन्या स्पॅनिश लोकांनी आत्म्यांची नदी, 'रिओ दे लास आनिमास', असे नाव दिले. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या आमच्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. नदीच्या दोन्ही बाजूंस ओक वृक्षांच्या झुडपांनी भरलेल्या टेकड्या आहेत, आणि त्या टेकड्यांत अस्वले आहेत.

ही अस्वले म्हणजे एके काळी दरवेशाबरोबर दारोदार येणारे आपल्याकडचे अस्वल नव्हे. हे अमेरिकेचे काळे अस्वल. नाव काळे, परंतु कोलोरॅडोत ते पुष्कळदा तांबूस, तपकिरी, क्वचित मधासारख्या रंगाचेही असते. नर सरासरी सव्वाशे किलोचा, मादी ऐंशी किलोची. स्वभावाने ते भित्रे आहे; माणसाची चाहूल लागली की झाडावर चढावे किंवा झाडीत दिसेनासे व्हावे, हीच त्याची मूळची रीत. त्याचा आहार बहुतेक शाकाहारी : गवत, मुंग्या, जंगली बोरांसारखी फळे, चोकचेरी आणि शरद ऋतूत ओकची कवचाची फळे.

ह्या प्राण्याचे वर्ष कसे जाते हे ठाऊक असल्यावाचून पुढील गोष्ट समजावयाची नाही. हिवाळ्यात चार-पाच महिने ते बिळात निजून असते. ह्या काळात ते खात नाही, पीत नाही, मलमूत्रविसर्जनही करीत नाही. अंगावर साठवलेल्या चरबीवर त्याचा जीव तगतो. मादीची गोष्ट तर त्याहून नवलाची. तिचा समागम जूनच्या सुमारास होतो, परंतु गर्भ तेथेच थांबून राहतो. हिवाळ्याच्या तोंडाशी तिच्या अंगावर पुरेशी चरबी असली तरच तो गर्भाशयात रुजतो, नसली तर रुजतच नाही. जानेवारीच्या अखेरीस, बाहेर हिमवर्षाव चाललेला असता, अंधाऱ्या बिळात अर्ध्या किलोपेक्षाही कमी वजनाची पिले जन्मतात, आणि स्वतः उपाशी असलेली आई त्यांना वसंतापर्यंत दूध पाजते.

हे सर्व साधावयाचे तर शरद ऋतूत खाऊन घेतले पाहिजे. ऑगस्टपासून अस्वलाला एक प्रकारचा भस्म्या रोग झाल्यासारखे होते. दिवसाच्या चोवीस तासांपैकी वीस तासांपर्यंत ते खात असते आणि वीस हजार उष्मांकांपर्यंत अन्न पोटात घालते. कष्टाळू माणसाला तीन हजार पुरतात. आता विचार करा. ओकची फळे वेचून, चोकचेरीची झुडपे ओरबाडून वीस हजारांची भरती करावयाची म्हणजे किती पायपीट! उलटपक्षी, घराच्या ओसरीवर पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी जे भांडे टांगलेले असते, त्यातील तीन किलो सूर्यफुलाच्या बियांत बारा हजारांच्या आसपास उष्मांक असतात. शेजारच्या पिंपात अर्धवट खाल्लेली कोंबडी, शिळा पाव, लोण्याचा कागद, मुलांनी टाकलेली गोड बिस्किटे. अस्वलाचे नाक असे तीक्ष्ण की मैलभर अंतरावरचा वास त्याला लागतो. ते मूर्ख नाही. जेथे कमी श्रमात अधिक मिळते तेथे ते जाते, आणि तसे न करणारा प्राणी आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही.

एकदा गेलेले अस्वल पुन्हा जाते. त्याची स्मृती चांगली असते. कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीत कोणत्या वारी येते, हे त्याला समजून चुकते. कारण आदल्या रात्री घरोघरचे लोक पिंपे रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. मोटारीचे दार किंवा घराचे दार उभ्या दांडीचे असले तर पंजाने ओढून ते उघडावयासही ते शिकते. गोल मुठीपुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. आणि सर्वांत चिंतेची गोष्ट ही की मादी जे शिकते ते पिले शिकतात. सुमारे दीड वर्ष ती आईच्या मागे फिरतात. आई जेथे जेवते तीच त्यांची शाळा. आईने ओक दाखवला तर ओक, आणि पिंप दाखवले तर पिंप.

पुढे काय होते? कोलोरॅडोत अनेक वर्षे असा दंडक होता की वस्तीत उपद्रव देणारे अस्वल प्रथम सापडले तर त्याच्या कानात बिल्ला अडकवून त्याला दूर जंगलात सोडावे. बिल्ल्याचे अस्वल दुसऱ्यांदा सापडले तर ठार करावे. दूर सोडण्याचा उपाय कानाला गोड लागतो, पण अस्वले शेकडो किलोमीटरही तुडवून परत येतात, किंवा नव्या ठिकाणी जाऊन तेथल्या पिंपांचे झाकण उघडतात. त्यामुळे त्या देशातील वनाधिकाऱ्यांत एक म्हणच पडून गेली आहे, की अन्न घातलेले अस्वल म्हणजे मेलेले अस्वल. म्हण रूढ झाली खरी. पण गोळी घालावी लागते ती त्याच अधिकाऱ्याला, आणि तीही पुष्कळदा पिलांच्या देखत. पिंप उघडे ठेवणारा गृहस्थ त्या वेळी आपल्या कामावर गेलेला असतो.

ही खोड अस्वलांना लागली केव्हापासून? तिचा इतिहास जुना आहे, आणि तो लज्जास्पदही आहे. यलोस्टोन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय उद्यान इ. स. १८७२ मध्ये स्थापन झाले. तेथील उपाहारगृहे आपले उष्टे-खरकटे मागच्या बाजूस नेऊन टाकीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या उकिरड्यांवर अस्वले जमू लागली. ती पाहण्यासाठी माणसेही जमू लागली. पुढे तर प्रेक्षकांसाठी लाकडी बाके मांडली गेली, आणि संध्याकाळी उकिरड्याच्या गाड्या रिकाम्या होत असता माणसे नाटकाला बसावे तशी तेथे बसत; बाजूला बंदूक घेतलेला रक्षक उभा. रस्त्याच्या कडेला अस्वले मोटारींच्या खिडक्यांशी भिक्षा मागत आणि आईबाप कौतुकाने मुलांच्या हातून त्यांना खाऊ देववीत. परिणाम व्हायचा तोच झाला. १९३१ पासून १९६९ पर्यंत त्या एका उद्यानात अस्वलांमुळे वर्षास सरासरी ४८ माणसे जखमी होत असत.

उकिरड्यांचे जाहीर खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद झाले, परंतु उकिरडे राहिले. त्यानंतर १९६७ च्या ऑगस्टमध्ये माँटाना राज्यातील ग्लेशियर ह्या दुसऱ्या उद्यानात, एकाच रात्री, मैलोगणती दूर अशा दोन ठिकाणी, दोन तरुणींना दोन निरनिराळ्या अस्वलांनी ठार केले. ही ग्रिझली जातीची होती. काळ्या अस्वलाहून मोठी आणि अधिक उग्र. दोन्ही माणसांच्या टाकलेल्या अन्नाला चटावलेली होती. देश हादरला आणि यलोस्टोनच्या चालकांनी १९७० पर्यंत आपले उकिरडे बंद करून टाकले.

येथे एक मतभेद नोंदवण्यासारखा आहे. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे जुळे भाऊ त्या ग्रिझलींचा अभ्यास बारा वर्षे करीत होते. त्यांचे म्हणणे असे की पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर वाढलेल्या प्राण्यांचे ताट एकाएकी ओढून घेऊ नका. हळूहळू कमी करा. चालकांनी ते ऐकले नाही. भुकेली अस्वले तळांवर आणि वस्त्यांवर आली व पुढील दोन-तीन वर्षांत पुष्कळ मारली गेली. १९७५ साली यलोस्टोन परिसरातील ग्रिझलींना कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. त्या वेळी तेथे सुमारे १३६ उरली असावीत असा अंदाज होता. आज त्यांची संख्या कैक पटींनी वाढली आहे, आणि ती उकिरड्यावाचून वाढली आहे, हेही सांगितले पाहिजे. तथापि आम्हांस क्रेगहेड बंधूंची बाजू अधिक माणुसकीची वाटते. वाईट सवय लावणाऱ्याने ती सोडवताना थोडा धीर धरावा, एवढीच त्यांची मागणी होती.

आता पुन्हा ड्युरँगोकडे वळू. २०११ पासून काही वर्षे तेथे कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याने अस्वलांचा कसून अभ्यास केला. गळ्यात यंत्राचे पट्टे बांधून ती कोठे जातात, काय खातात, केव्हा निजतात हे पाहिले. २०१२ च्या वर्षी अवर्षणामुळे आणि उशिरा पडलेल्या कडाक्याच्या थंडीमुळे रानातील फळे बुडाली. त्या उन्हाळ्यात आणि शरदात गावभर अस्वलेच अस्वले दिसू लागली. लोक म्हणू लागले की अस्वले फार माजली, फार वाढली, ह्यांचा काही तरी बंदोबस्त करा. वास्तविक घडत होते उलट. मोजदाद झाली तेव्हा कळले की त्या एका दुष्काळी वर्षाच्या फेऱ्यात त्या प्रदेशातील माद्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली होती. ज्या वर्षी अस्वले सर्वांत जास्त दिसली त्याच वर्षी ती सर्वांत जास्त मेली. काही गोळीने, काही मोटारीखाली. दारात आलेले भुकेले तोंड मोजून लोकसंख्या ठरवू नये, हे दुष्काळ पाहिलेल्या आपल्या गावकऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासातून निघाली. चांगला पाऊस होऊन रानात फळे लागली की बहुतेक अस्वले आपण होऊन गाव सोडून टेकड्यांत परत जात. म्हणजे एकदा उकिरडा चाखलेले अस्वल कायमचे बिघडले, असे नाही. त्याला पर्याय मिळाला तर ते रानच पसंत करते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असेही दाखवले आहे की जी अस्वले माणसांचे अन्न अधिक खात, त्यांची हिवाळी निद्रा आखूड होई. आणि निद्रा आखूड झाली की त्यांच्या शरीरातील पेशींची झीज लवकर होई. पिंपातले फुकटचे जेवण त्यांना लवकर म्हातारे करीत होते म्हणावयाचे.

मग गावाने एक प्रयोग केला. दोन वस्त्या निवडून तेथे घरोघर एकूण १,११० नवी पिंपे वाटली. ह्या पिंपांचे झाकण जाड, कडा लोखंडाने बळकट केलेल्या, आणि खिट्टी अशी की माणसाची बोटे खाचेत जाऊन ती सहज सरकवतात, पण अस्वलाचा पंजा त्या खाचेत शिरत नाही. शेजारच्या तशाच दोन वस्त्यांत जुनीच पिंपे राहू दिली. काही वर्षांनी हिशेब पाहता, नव्या पिंपांच्या वस्त्यांत कचऱ्यावरून होणारे उपद्रव साठ टक्क्यांनी कमी भरले. गोळी नाही, सापळा नाही, कुत्री नाहीत, एक खिट्टी.

परंतु ह्या प्रयोगातील अवघड भाग खिट्टीचा नव्हता. ती रोज लावण्याचा होता. पिंप भरून ओसंडू लागले की झाकण बसत नाही; थंडीत खिट्टी गोठते; रात्री उशिरा कामावरून आलेला माणूस पिशवी पिंपाशेजारीच ठेवून आत जातो. गल्लीतील वीस घरांपैकी अठरांनी झाकण लावले आणि दोघांनी लावले नाही, तर त्या दोघांसाठी अस्वल गल्लीत येतेच. आणि आले की अठरांच्या ओसऱ्याही हुंगून जाते. म्हणूनच तेथील नगरपालिकेने नियम केला की पिंप आदल्या रात्री बाहेर काढू नये, गाडी येण्याच्या दिवशी सकाळीच काढावे, आणि चुकणाऱ्यास दंड व्हावा. दंडाने शेजारधर्म शिकतो असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे झाकण उघडे राहते त्याला स्वतःला त्याची झळ सहसा लागत नाही. ती शेजारच्या घरातील म्हातारीला किंवा अस्वलाला लागते, म्हणून कोणी तरी त्याच्या दारावर थाप मारणे प्राप्त होते.

म्हातारीचा उल्लेख आम्ही उगीच केला नाही. जाड झाकणाचे पिंप जड असते. सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला ते भल्या सकाळी बर्फातून रस्त्यापर्यंत ओढत न्यावयाचे म्हणजे कष्टाचे काम आहे. आदल्या संध्याकाळी कोणी नातू येऊन काढून गेला तर ते त्याला सोयीचे वाटते, आणि नियम मात्र मोडतो. अंगणातील सफरचंदाच्या झाडाची तीच कथा. झाड नवऱ्याने लावलेले, तो गेला, शिडीवर चढावयास कोणी नाही, फळे गळून खाली कुजतात आणि वासाने अस्वल येते. झाड तोडा म्हणणे सोपे आहे. ड्युरँगोच्या परिसरात काही स्वयंसेवक शरदात अशा घरी जाऊन फळे उतरवून देतात, आणि ती गरजूंना वाटतात. कायद्याच्या पुस्तकात न बसणारे हे काम. पण नियमांच्या पाट्यांपेक्षा अशा शिडीचा उपयोग अधिक होत असावा, असे आमचे मत आहे.

निष्काळजी माणसांहूनही समजावण्यास कठीण अशी एक जात सर्व डोंगरी वस्त्यांत असते : दयाळू माणसांची. ती मुद्दाम अन्न ठेवतात. हिवाळा जवळ आला, बिचारी आई आहे, दोन पिले आहेत, एक पाव टाकला तर आपले काय जाते, असे त्यांना वाटते. त्यांच्या मनात वाईट काही नाही, म्हणूनच त्यांना वाईट म्हणता येत नाही. पण आईने त्या पावाबरोबर पिलांना शिकवले काय? माणसाच्या दाराशी जावे, माणसाला भिऊ नये. दुसऱ्या दारी बंदूक असते.

कॅलिफोर्निया राज्यातील टाहो सरोवराच्या काठची गोष्ट २०२२ साली जगभर छापली गेली. सव्वादोनशे किलोचे एक प्रचंड अस्वल घरांची दारे फोडून आत शिरते, स्वयंपाकघर धुंडाळते आणि निघून जाते, अशा तक्रारी झाल्या. लोकांनी त्याला 'हँक' असे पुरुषी नाव दिले, रणगाड्याची उपमा दिली. मारावे की वाचवावे ह्यावर दोन तट पडले. नंतर केसांची व लाळेची तपासणी झाली तेव्हा असे आढळले की हा एका अस्वलाचा उद्योग नसून निदान तिघांचा आहे. जे पाप एकाच्या माथी मारले जात होते ते तिघांत वाटले गेले. त्यांपैकी मुख्य जे, ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये पकडले. ते नर नव्हतेच. ती मादी होती, आणि तिच्याबरोबर तीन पिले होती. निदान २१ घरफोड्यांचा पुरावा तिच्याविरुद्ध जमला होता. तिला ठार केले नाही. दूर कोलोरॅडोतील एका प्राणिआश्रमात जन्मभरासाठी पाठवले. आईची विद्या विसरून रानात राहता यावे ह्या आशेने पिलांना मात्र वेगळे ठेवण्याचे ठरले. वर्षभर गावोगावची माणसे ज्या रांगड्या दरोडेखोराच्या गोष्टी हसत सांगत होती, तो दरोडेखोर म्हणजे तीन तोंडांसाठी अन्न शोधणारी आई होती.

हसण्यावारी नेण्याचा हा विषय नव्हे, हेही पुढे कळले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील डाउनीव्हिल ह्या जुन्या खाणगावात एक अस्वल घरात शिरले आणि ७१ वर्षांच्या एका स्त्रीचा त्यात मृत्यू झाला. काळ्या अस्वलाने माणूस मारल्याची त्या राज्याच्या दप्तरी ही पहिलीच नोंद. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे किंवा लहान मुले आहेत त्यांना अस्वलाची भीती वाटते ती खोटी नाही, आणि त्या भीतीची थट्टा करणाऱ्या प्राणिमित्रांशी आमचे जमत नाही.

आता थोडे आपल्याकडचे. खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानाजवळ किंवा ग्वाल्हेरकडे मोहाच्या झाडांच्या आसपास राहणाऱ्या आमच्या वाचकांनी वरील मजकूर वाचून काळ्या अस्वलाचे नियम आपल्या अस्वलाला लावू नयेत. आपले अस्वल वाळवी, मध, मोहाची फुले, बोरे, जांभळे खाते. ते हिवाळ्यात निजत नाही. आणि दचकले तर पळून न जाता पुष्कळदा अंगावरच येते. अमेरिकेत सांगतात की अस्वल समोर आले तर धावू नका, ताठ उभे राहून, बोलत, त्याला वाट देत मागे सरा. आपल्याकडे तर गाठच पडू नये हे बरे : पहाटे-सांजेस रानात एकट्याने जाऊ नये, चारचौघांनी बोलत, काठी आपटत जावे. परंतु उकिरड्याचा मोह मात्र दोघांनाही सारखा. अबूच्या पहाडावर उपाहारगृहांच्या खरकट्यासाठी अस्वले वस्तीत उतरतात हे तेथे जाऊन आलेल्या वडोदऱ्याच्या वाचकांपैकी काहींनी पाहिलेही असेल. तेथे मोबाईलवर त्यांची चित्रे घेण्यासाठी गर्दीही जमते. बाके तेवढी अजून मांडलेली नाहीत.

पिंपांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. अस्वलाला उघडणार नाही असा दावा कारखानदार करतात, पण तो खरा की खोटा हे ठरवावे कोणी? त्यासाठी यलोस्टोनच्या पश्चिम दाराशी, वेस्ट यलोस्टोन गावात, बंदिवासातील ग्रिझलींची एक संस्था आहे. नवे पिंप तेथे आणतात, त्यात अस्वलांच्या आवडीचे वासाचे पदार्थ भरतात आणि ते त्यांच्या आवारात सोडतात. अस्वले त्यावर उड्या मारतात, ते लोळवतात, कडा चावतात, झाकणात नखे घालतात. एकूण साठ मिनिटे त्यांचा मार सोसून जे पिंप फुटत नाही, ते उत्तीर्ण. ह्या परीक्षकांपैकी कित्येक एके काळी स्वतंत्र होते. कोणी अलास्कातून, कोणी माँटानातून, वस्त्यांत शिरून पिंपे उघडण्याची खोड लागली म्हणून पकडून आणलेले, रानात परत सोडण्याजोगे न उरलेले. आता ते तेच काम करतात, आणि त्यांनी हात टेकले की ते पिंप एखाद्या डोंगरी गल्लीत जाऊन उभे राहते.